नाताळच्या चित्रपटांतील ख्रिस्ती बोध : काही लोकप्रिय चित्रपटांचे परीक्षण

डिसेंबर जवळ आला की संडे स्कूलचे शिक्षक आणि तरुण संघाचे कार्यकर्ते यांच्यात एक विचारणा हमखास होते : मुलांना नाताळचा कोणता चित्रपट दाखवावा, आणि तो संपल्यावर त्यांच्याशी काय बोलावे? ख्रिस्तजन्माची कथा सरळ सांगणारे चित्रपट आहेतच. परंतु मुलांनी घरी आधीच पाहिलेले आणि पुन्हा पाहण्यास ती आनंदाने तयार असणारे चित्रपट वेगळे असतात. ते बहुतेक अमेरिकेत, तेथील नाताळच्या सुट्टीसाठी तयार झालेले असतात. त्यांत बर्फ असतो, सांता क्लॉज असतो, भेटवस्तू आणि घरातली धांदल असते, आणि प्रभू येशूचे नाव पुष्कळदा एकदाही घेतले जात नाही. अशा चित्रपटांतून ख्रिस्ती बोध घेता येतो का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र तो सगळ्यांतून घेता येत नाही आणि ओढूनताणून तर मुळीच घेऊ नये.

परीक्षणासाठी मी एकच कसोटी लावली आहे. ज्या प्रसंगातून ख्रिस्ती बोध निघतो असे आपण म्हणतो, तो प्रसंग काढून टाकला तर कथा तशीच उभी राहते का? राहत असेल, तर तो बोध आपण बाहेरून चिकटवलेला असतो. कथा कोसळत असेल, तर तो बोध त्या चित्रपटाच्या पोटातला आहे असे मानून त्यावर मुलांशी निःशंकपणे बोलता येते.

‘होम अलोन’ (१९९०) हा यांपैकी आपल्याकडे सर्वाधिक परिचित चित्रपट. जॉन ह्यूज यांची पटकथा आणि ख्रिस कोलंबस यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटाची ओळख चोरांची फजिती करणारा आठ वर्षांचा मुलगा, एवढीच बहुतेकांच्या मनात राहिलेली असते. पॅरिसला निघालेले कुटुंब केव्हिनला शिकागोजवळच्या घरी विसरून जाते, आणि आदल्या रात्री ‘हे सगळे नाहीसे झाले तर बरे’ अशी इच्छा केलेल्या केव्हिनला ती खरी झाल्यासारखे वाटते. पुढे, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तो एकटाच चर्चमध्ये जाऊन बसतो. समोर मुलांचे गायनवृंद सराव करीत असते. ज्याच्याविषयी ‘याने आपल्या घरच्यांचा खून केला’ अशी अफवा गल्लीभर पसरलेली आहे, तो शेजारचा वृद्ध मार्ली त्याच्या बाकावर येऊन बसतो. गाणाऱ्या मुलांमध्ये त्याची नात आहे. मुलाशी भांडण होऊन कित्येक वर्षे झालेली असल्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमाला आपले स्वागत होणार नाही हे तो जाणतो, म्हणून सरावाच्या वेळी येऊन तिचे गाणे ऐकतो.

हा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा असला तरी त्यात पर्वतावरील प्रवचनातील एक आज्ञा जशीच्या तशी उभी राहिलेली दिसते. वेदीजवळ अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. मार्ली चर्चमध्ये येऊन बसला आहे, पण त्याचा समेट झालेला नाही, आणि ‘मुलाला फोन करा’ हे त्याला तेथे सांगतो तो एक लहान मुलगा. ‘तो माझ्याशी बोलला नाही तर?’ या मार्लीच्या प्रश्नाला केव्हिनचे उत्तर इतकेच असते की निदान तुम्हाला ते कळेल तरी. त्याच बाकावर केव्हिन स्वतःही कबूल करतो की आपण घरच्यांशी नीट वागलो नाही. या दोन कबुल्या वगळल्या तर चोरांची फजिती शाबूत राहील, परंतु शेवटी आई दारात उभी राहते आणि खिडकीतून मार्लीच्या कुटुंबाची गळाभेट दिसते, त्या दोन्ही क्षणांचा पाया निघून जाईल. म्हणून माझ्या कसोटीला हा चित्रपट उतरतो.

दोन बाबतींत मात्र सावध राहावे. मार्लीच्या हाताला जखम असते आणि चित्रपट पुढे सरकतो तशी ती भरत जाते; तिच्यात ख्रिस्ताच्या हातांच्या जखमा शोधण्याचा मोह शिक्षकाला होऊ शकतो. तो टाळावा. मनातली जुनी जखम भरून येत आहे, एवढे सुचवण्यासाठी ती आहे आणि तेवढे पुरेसे आहे. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. शेवटच्या भागात चोरांना भाजणे, पाडणे, खिळ्यांवर पाय द्यायला लावणे हे सर्व विनोद म्हणून येते, आणि चर्चमधून नुकताच बाहेर आलेला मुलगा ते करतो. लहान मुले तेथेच सर्वाधिक हसतात. त्यांना हसू द्यावे. परंतु शत्रूशी वागण्याचा धडा या भागात नाही, हे नंतर स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

आता ज्या चित्रपटासाठी मी हे परीक्षण मुख्यतः लिहीत आहे त्याकडे वळतो. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांची एक लघुकथा त्याच्या मुळाशी आहे. प्रकाशक मिळेना तेव्हा लेखकाने ती १९४३ च्या नाताळात छापून घेऊन शुभेच्छापत्र म्हणून स्नेह्यांना पाठवली होती. पाच ऑस्कर नामांकने मिळूनही चित्रपटाला तिकीटबारीवर अपेक्षित यश लाभले नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, त्यामुळे अमेरिकेतील दूरचित्रवाहिन्या दर नाताळात तो मुक्तपणे दाखवू लागल्या, आणि एका पिढीनंतर तो तेथील घराघरांत पोहोचला.

कथानायक जॉर्ज बेली बेडफर्ड फॉल्स नावाच्या लहान गावात राहतो. त्याला जग पाहायचे आहे, शिकायचे आहे, मोठ्या इमारती बांधायच्या आहेत. यांतले काहीच होत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर ‘बिल्डिंग अँड लोन’ ही संस्था त्याच्या गळ्यात पडते. आपल्याकडच्या लहान पतसंस्थेसारखीच ती आहे : सामान्य माणसे तिच्यात थोडे थोडे पैसे ठेवतात आणि त्याच पैशातून एकमेकांची घरे उभी राहतात. गावातला धनाढ्य पॉटर ती बुडवू पाहतो. बँकांवर लोकांची झुंबड उडते त्या दिवशी जॉर्जचे लग्न झालेले असते; मधुचंद्रासाठी ठेवलेले २,००० डॉलर तो गरजेपुरते वाटून देतो आणि संध्याकाळी तिजोरीत दोन डॉलर शिल्लक राहतात. त्याच्या कचेरीच्या भिंतीवर वडिलांच्या छायाचित्राखाली एक वाक्य लावलेले आहे : माणूस बरोबर नेऊ शकतो ते फक्त त्याने देऊन टाकलेले. कोठारे वाढवीत बसलेल्या मूर्ख धनवानाचा लूकमधील दाखला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाक्य वाचून थांबावेसे वाटेल. चित्रपट मात्र त्यावर भाष्य करीत नाही. भिंतीवरची ती पाटी दिसते आणि कथा पुढे जाते.

नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८,००० डॉलर जॉर्जच्या काकांच्या हातून गहाळ होतात. ते पॉटरच्या हाती लागतात आणि तो ते दडवतो. तुरुंग डोळ्यांसमोर दिसत असताना जॉर्ज पॉटरकडेच मदत मागायला जातो. आयुर्विम्याचा कागद पाहून पॉटर त्याला म्हणतो की तू जिवंत राहण्यापेक्षा मेलेलाच अधिक किमतीचा आहेस.

यानंतरचा प्रसंग बारकाईने पाहावा. जॉर्ज मित्राच्या मद्यालयात बसला आहे. आसपास लोक गाणी म्हणत आहेत. तो दोन्ही हात एकमेकांत गुंतवून तोंडाशी आणतो आणि पुटपुटतो की स्वर्गातील पित्या, मी प्रार्थना करणारा माणूस नाही, पण तू असशील आणि ऐकत असशील तर मला मार्ग दाखव. जॉर्जची भूमिका करणारे जेम्स स्टुअर्ट यांचे डोळे येथे खरोखर भरून आलेले आहेत. हे ठरवून झाले नव्हते, ते शब्द बोलताना एकाकी आणि निराधार माणसांची आठवण होऊन आपण हेलावलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या मोहिमांवर जाऊन आल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच चित्रपट होता. प्रार्थना संपते आणि लगेच शेजारी बसलेला एक माणूस, ज्याच्या पत्नीला जॉर्जने आधी फोनवर अपमानास्पद बोलून रडवलेले असते, त्याला ठोसा मारतो. जॉर्जचा ओठ फुटतो. प्रार्थनेचे हेच फळ, असे तो कडवटपणे म्हणतो आणि जीव देण्यासाठी पुलाकडे निघतो.

प्रार्थनेचे उत्तर ताबडतोब आणि गोड मिळते असे दाखवणारे धार्मिक चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत. हा चित्रपट तसे करीत नाही, म्हणून मला तो अधिक सच्चा वाटतो. पुलावर देवदूत क्लॅरेन्स येतो, पण तो जॉर्जला धरून ठेवत नाही. तो स्वतः नदीत उडी घेतो, आणि त्याला वाचवण्यासाठी जॉर्जला उडी घ्यावी लागते. मग क्लॅरेन्स त्याला तो जन्मलाच नसता तर गाव कसे झाले असते ते दाखवतो. भाऊ लहानपणीच बर्फात बुडून मेलेला असतो. त्यामुळे युद्धात त्या भावाने वाचवलेले सैनिकही मेलेले असतात. औषधविक्रेत्याच्या हातून शोकाच्या भरात विष दिले गेलेले असते, कारण ती चूक वेळीच ओळखणारा पोऱ्या तेथे नसतो. या साऱ्या वेळात जॉर्जचा ओठ फुटलेला नसतो आणि बर्फही पडत नसतो. शेवटी तो पुन्हा पुलावर येऊन देवाकडे जगण्याची भीक मागतो, बर्फ पडू लागतो, आणि ओठाला रक्त लागल्याचे पाहून तो आनंदाने ओरडतो. ज्या जखमेला त्याने प्रार्थनेची थट्टा मानले होते, तीच आपण जिवंत असल्याची पहिली खूण ठरते. ही प्रार्थना आणि हे रक्त काढून टाकले तर चित्रपटात काहीच उरत नाही. माझ्या कसोटीला इतका पूर्णपणे उतरणारा दुसरा लोकप्रिय चित्रपट मला आढळलेला नाही.

तरीही हा चित्रपट म्हणजे ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तक नव्हे. घंटा वाजली की एखाद्या देवदूताला पंख मिळतात, हे त्यातले प्रसिद्ध वाक्य आहे, आणि क्लॅरेन्स हा मेलेला घड्याळजी असून बढतीची वाट पाहत असतो. मेलेली माणसे देवदूत होतात किंवा देवदूत सत्कृत्ये करून पंख मिळवतात, असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात देवदूतांना सेवा करणारे आत्मे म्हटले आहे. मुले हे वाक्य हमखास लक्षात ठेवतात, म्हणून ते नुसते सोडून देऊ नये. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जॉर्जचे आयुष्य मोलाचे का, तर त्याने इतक्या लोकांचे भले केले म्हणून, असा युक्तिवाद क्लॅरेन्सच्या दाखवण्यातून निघतो. मग ज्याने कोणाचेच भले केले नाही, त्याच्या आयुष्याचे काय? माझ्या मते चित्रपट या प्रश्नाचे उत्तर क्लॅरेन्सकडून देत नाही, ते शेवटच्या दृश्यात देतो. जॉर्ज घरी येतो तेव्हा त्याच्या हाती काहीच नसते, पैसे मिळालेले नसतात, अटकेचे वॉरंट घेऊन शेरीफ घरात आधीच आलेला असतो. पत्नी मेरीने गावात शब्द टाकलेला असतो आणि लोक मेजावर पैशांचा ढीग करतात. हिशेब तपासायला आलेला अधिकारीसुद्धा त्यात भर घालतो, आणि शेरीफ वॉरंट फाडून टाकतो. आयुष्यभर देत आलेला माणूस येथे केवळ घेतो. कृपा म्हणजे काय हे तरुणांना समजावून सांगताना या दृश्याचा मोठा आधार होतो.

पॉटरला शिक्षा होत नाही, पैसे परत मिळत नाहीत, त्याला पश्चात्तापही होत नाही. तरुण प्रेक्षक याबद्दल नेहमी तक्रार करतात आणि ती रास्त आहे. स्तोत्र ७३ लिहिणाऱ्यानेही दुर्जनांची भरभराट पाहून हीच तक्रार केली होती. सूड घेण्याचे काम चित्रपटाने आपल्याकडे घेतले नाही, हे मला त्याचे बळ वाटते. सूड देवावर सोपवा असे सांगणारा रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय येथे काढून वाचावा.

पाहणाऱ्यांसाठी काही व्यवहारातल्या सूचना. चित्रपट सुमारे १३० मिनिटांचा आणि कृष्णधवल आहे. त्याला नंतर रंग चढवलेल्या आवृत्त्याही उपलब्ध आहेत, पण मूळ छायाचित्रणाचा परिणाम त्यांत राहत नाही, म्हणून कृष्णधवलच निवडावा. काही ठिकाणी संक्षिप्त आवृत्ती आढळते, जिच्यात जॉर्ज नसलेल्या गावाचा भागच कापलेला आहे. ती घेण्यात काही अर्थ नाही, म्हणून सुरू करण्यापूर्वी कालावधी तपासावा. पहिला तास संथ आहे आणि इंग्रजी संवाद भराभर येतात, त्यामुळे बारा-तेरा वर्षांखालील मुलांसाठी मी तो सुचवणार नाही. आत्महत्येचा विचार कथेच्या केंद्रस्थानी आहे. गटात कोणी मुलगा किंवा मुलगी अलीकडे निराशेतून जात असेल, तर पाळकांशी आणि पालकांशी आधी बोलूनच हा चित्रपट लावावा, आणि चर्चा घाईत उरकू नये. घरासाठी घेतलेल्या वर्गणीवर सभागृहात सार्वजनिक खेळ करण्याची परवानगी सहसा नसते, हेही आयोजकांनी ध्यानात ठेवावे.

‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ (१९६६) या २६ मिनिटांच्या व्यंगपटाविषयी थोडक्यात लिहितो. ग्रिंच नावाच्या नाताळद्वेष्ट्या प्राण्याने सगळ्या भेटवस्तू चोरल्या तरी गावकरी सकाळी हातात हात घालून गातात, हे ऐकून त्याचे मन पालटते, तो सर्व परत आणतो आणि त्यांच्या मेजावर बसतो. शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाच्या गोष्टीशी याचे साम्य सांगितले जाते आणि ते वरवर खरेही आहे. परंतु जक्कय पालटला तो प्रभू येशू त्याच्या घरी उतरला म्हणून, आणि घेतलेल्याच्या चौपट परत करण्याची तयारी त्याने दाखवली ती त्यानंतर. ग्रिंचच्या गावात येणारे कोणी नाही. नाताळ दुकानातून येत नाही इतकेच हा व्यंगपट सांगतो, आणि तेवढे तो फार चांगले सांगतो. त्याच्यावर याहून अधिक लादू नये.

‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ (१९९२) मात्र मी आनंदाने सुचवतो. चार्ल्स डिकन्स यांची १८४३ ची कथा बाहुल्यांनी सांगितली आहे, आणि त्यांच्यामध्ये मायकेल केन यांनी कंजूस स्क्रूजची भूमिका अत्यंत गांभीर्याने केली आहे. डिकन्सच्या कथेतील एक वाक्य येथे जपले आहे, ज्यासाठी हा चित्रपट पाहावा : पांगळा टिम चर्चमधून परत येताना वडिलांना सांगतो की लोकांनी आपल्याला पाहिले असेल तर बरे झाले, कारण लंगड्यांना चालवणारा आणि आंधळ्यांना दृष्टी देणारा कोण, याची त्यांना नाताळच्या दिवशी आठवण होईल. स्क्रूजला त्याचे भविष्य दाखवणाऱ्या भुताचा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलांना भीतिदायक वाटू शकतो.

शेवटी ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’. ९ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर प्रथम प्रसारित झालेला हा कार्यक्रम जेमतेम २५ मिनिटांचा आहे. व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी त्यात शुभवर्तमानाचा उतारा घेण्याचा आग्रह धरला; वाहिनीच्या अधिकाऱ्यांना तो उताराही खटकला होता आणि कार्यक्रमाची संथ गतीही. कथा साधी आहे. सगळीकडे दिवे, स्पर्धा आणि भेटींच्या याद्या पाहून चार्ली ब्राउन उदास झाला आहे. नाटकासाठी तो एक किडकिडीत झाड आणतो, सगळे त्याला हसतात, आणि तो ओरडून विचारतो की नाताळ म्हणजे काय हे कोणाला ठाऊक आहे का.

लायनस नावाचा मुलगा रंगमंचाच्या मध्यभागी जातो, दिवे मागतो आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातील आठ ते चौदा ही वचने पाठ म्हणतो. संगीत थांबलेले असते आणि कॅमेरा फारसा हालत नाही. लायनस आपले निळे पांघरूण कधीच हातातून सोडत नाही, शुल्झ यांच्या साऱ्या व्यंगचित्रमालिकेत तीच त्याची ओळख आहे. पण देवदूत मेंढपाळांना ‘भिऊ नका’ म्हणतो त्या शब्दांवर ते त्याच्या हातातून खाली पडते. याकडे कोणी बोट दाखवत नाही, आणि कित्येक प्रेक्षकांच्या ते लक्षातही येत नाही. उतारा संपल्यावर तो पांघरूण उचलून चार्ली ब्राउनकडे परत जातो. पुढे त्या मरतुकड्या झाडाच्या बुंध्याला गुंडाळण्यासाठी तेच पांघरूण तो देऊन टाकतो, आणि सगळी मुले मिळून देवदूतांच्या गीताचे स्तोत्र गातात. माझी कसोटी येथे लावण्याची गरजच पडत नाही, कारण चार्ली ब्राउनच्या प्रश्नाचे उत्तर काढून टाकले तर कार्यक्रमात फक्त एक उदास मुलगा आणि एक वाळके झाड शिल्लक राहते.

एकच अडचण आहे : लायनस जुन्या किंग जेम्स भाषांतराच्या इंग्रजीत बोलतो, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना ते समजत नाही. त्यासाठी कार्यक्रम लावण्यापूर्वी गटातल्या एखाद्या मुलाला मराठी पवित्र शास्त्रातून तीच सात वचने मोठ्याने वाचायला लावावीत आणि नंतर काही न समजावता पडदा सुरू करावा. पाच वर्षांपासून पुढच्या कोणत्याही वयाच्या मुलांसाठी, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी, मी हाच कार्यक्रम निवडीन.